फायरमनची हाक

मंगळवार, ४ ऑक्टोबर १९९४

कार्लाइलहून आमंत्रण आलं! डिसेंबरातल्या मोठ्या प्रदर्शनात आमच्या 'थॉर्नक्लफ जंक्शन'ला जागा मिळाली आहे. आजवर ही आमची टेबलावरची रेल्वे शाळांच्या हॉलमध्ये आणि चर्चच्या तळघरांत मांडून झाली. बघायला पोरंटोरं आणि त्यांना आवरणाऱ्या आया. कार्लाइलला जाणकार येतात, इंजिनाच्या अंगावरचे रिव्हेट मोजणारे. माझ्यासारखे.

क्लब म्हणजे आम्ही चौघंच. म्युरिएल हेग शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली. आमचे डोंगर, भिंती आणि मेंढ्या तिच्या हातच्या. ट्रेव्हर बिन्स वायरिंग बघतो, आणि वायर सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींना घाबरतो. विल्फ अ‍ॅक्रॉइड तरुणपणी वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा खराखुरा फायरमन होता. वाफ गेली तशी नोकरी गेली, मग जन्मभर त्याने ब्रेडची व्हॅन चालवली. त्याच जुन्या व्हॅनमधून आमची रेल्वे गावोगाव फिरते. दुसरी गाडी नाही आणि दुसरा ड्रायव्हरही नाही. ट्रेव्हर ड्रायव्हिंग शिकलाच नाही, आणि मी दिलेल्या परीक्षेबद्दल माझी बायको जॉइस अजून पाहुण्यांना सांगते.

ट्रेव्हर पत्र वाचत होता तेव्हा विल्फ मालगाडीच्या एका वाघिणीवर नंबर रंगवत होता. एका केसाचा ब्रश, मोहरीएवढे आकडे, आणि हात जराही हलत नाही. असा माणूस उत्तर इंग्लंडमध्ये दुसरा नाही, हे मी इथे लिहितो, त्याच्या तोंडावर कधीच बोलणार नाही. बातमी ऐकून तो खुशीत उठला आणि शेजारीच ठेवलेला ट्रेव्हरचा चहाचा मग कोपराने थेट नव्या खडीवर उलटवला.

"चहाचा मग ठेवायची जागा आहे का ती?" उलट तोच ट्रेव्हरवर डाफरला.

"विल्फ, तो मग तिथे तासभर होता," म्युरिएल म्हणाली.

"म्हणजे तासभर चुकीच्या जागी होता!"

आम्ही पोट धरून हसलो. खडी पुन्हा घालावी लागणार. विल्फ खिडकीशी जाऊन डोळ्यांत थेंब टाकत होता. गोंदाच्या वाफेने चुरचुरतात म्हणतो. मला तर तो गोंद कधी चुरचुरला नाही, पण विल्फ पहिल्यापासून नाजूक.

रविवार, ९ ऑक्टोबर

स्किप्टनचं प्रदर्शन बघून आलो. आज नुसते प्रेक्षक, काही मांडायचं नव्हतं, तरी मी विल्फबरोबर व्हॅननेच गेलो. म्युरिएल आणि ट्रेव्हर नेहमीप्रमाणे बसने आले, कारण व्हॅनमध्ये पुढे दोनच सीटं.

आमच्या जमातीत एक रीत आहे. दुसऱ्याची मांडणी बघताना हात पाठीमागे बांधायचे, आणि चूक दिसली तरी चारचौघांत तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्याची मांडणी त्याला त्याची चूक ठाऊक असते. घरी येऊन हवं तर वहीत ओकावं. तर ओकतो: बंदराच्या मांडणीत सिग्नल उलट्या बाजूला होता, आणि त्या दुधाच्या गाडीचे डबे त्या काळी जन्मालाही आले नव्हते. मी "वा, वा" म्हणून पुढे गेलो.

विल्फने मात्र आज शोभा केली. बंदरवाला म्हातारा त्याला ओळखून पुढे आला, हात पुढे केला. विल्फ मांडणीतल्या एका छोट्या क्रेनकडे टक लावून बघत राहिला. म्हाताऱ्याचा हात बिचारा हवेत. शेवटी मीच तो धरून हलवला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "एवढा कसला माज रे?" तर म्हणतो, "कसला हात? कुणाचा?"

परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॅनचा डावा आरसा दगडी खांबावर आपटून फुटला. "हा खांब कधी बसवला इथे?" विल्फ खाली उतरून विचारतो. तो खांब माझ्या आजोबांच्या जन्माआधीपासून तिथे आहे.

म्युरिएल बस स्टॉपवर मला हळूच म्हणाली होती, "लेनर्ड, विल्फची नजर ठीक आहे ना?" मी हसलोच. ज्याने वाघिणीवर मोहरीएवढे आकडे काढले त्याची नजर? माझी जरी तेवढी असती तरी मी धन्य झालो असतो.

रविवार, २३ ऑक्टोबर

आज इतका आनंद झाला आहे की जॉइसने वाढलेला केक आणि चीज तसंच टेबलावर पडलं आहे.

बर्नलीच्या प्रदर्शनाला निघालो. गावाबाहेर पडताच विल्फ म्हणाला, "लेन, तुला कधी इंजिनावर चढायला मिळालं नाही ना रे?"

जखमेवर बोट ठेवलं त्याने. लहानपणी मला दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. वडिलांनी नगरपालिकेच्या कचेरीत चिकटवलं आणि तिथेच केस पांढरे झाले.

"मग आज चढ. मी ड्रायव्हर, तू फायरमन. नुसता कोळसा टाकणं म्हणजे फायरमन नव्हे, लेका. पुढे हे भलंमोठं बॉयलर. डाव्या वळणावर ड्रायव्हरला काही म्हणजे काही दिसत नाही. तेव्हा फायरमनने बाहेर डोकं काढून हाक द्यायची. सिग्नल खुला असेल तर 'खुला!', नाहीतर 'बंद!' ड्रायव्हर डोळे झाकून त्या हाकेवर चालवतो. त्यात लाज कसली? आमचा सगळा धंदाच तसा चालायचा."

मग काय! मी सबंध रस्ताभर हाका दिल्या. चौक आला की, "डावी बाजू खुली!" लाल दिवा आला की, "बंद!" फाट्यावरून ट्रॅक्टर येत होता, "बंद, बंद!" आणि विल्फ त्या क्षणी ब्रेक लावायचा. एकदाही स्वतःची मान वळवली नाही पठ्ठ्याने, इतका विश्वास. "पक्का फायरमन आहेस तू," म्हणाला. मला अगदी भरून आलं. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण बरोबर असल्यासारखं आज वाटलं.

घरी आल्यावर जॉइसला सगळं रंगवून सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"तू रस्ता बघत होतास. मग विल्फ काय करत होता?"

"चालवत होता."

"न बघता?"

बायकांना इंजिनावरचं काही समजत नाही. मी विषय बदलला.

रविवार, ६ नोव्हेंबर

आता प्रत्येक फेरीत आम्ही तेच करतो. क्लबची खोली ते लाकडाची वखार एवढंच जायचं असलं तरी.

आज धुकं होतं. मी खिशातून चॉकलेट काढायला खाली वाकलो, क्षणभरच. मान वर केली तर डावीकडून एक सायकलवाली बाई अगदी चाकाशी. मी "बंद!" असा ओरडलो की माझा मलाच आवाज ओळखू येईना. व्हॅन थांबली. बाईने बोनेटवर हात आपटला आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून धुक्यात गेली. बिनदिव्याची सायकल घेऊन फिरतात आणि वर शिव्या.

विल्फने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "बोगद्यात शिरल्यावर मागे वळून बघितलं आहेस कधी? तोंडाचा उजेड गोल, लहान लहान होत जातो. बाजूला सगळा काळोख. मला हल्ली तसंच दिसतं सगळं, लेन."

म्हातारपणी माणूस असं बोलतो. त्याची बायको एडिथ गेल्यापासून तर जास्तच. डोंगरावरच्या त्या घरात ना शेजार ना बस. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणालो, "पुढे कार्लाइल आहे, मर्दा. उजेडच उजेड."

तो हसला. "ही व्हॅन आहे तोवर मी आहे. व्हॅन गेली की मी गेलोच समज." त्या जुन्या इंजिनाचं मलाही भय वाटतं, कार्लाइलपर्यंत टिकलं म्हणजे मिळवली. उतरताना त्याने बजावलं, "आपल्या हाकांचं त्या दोघांना सांगू नकोस. पोरखेळ म्हणतील." मी वचन दिलं. दोघांतलं गुपित आहे ते, इंजिनावरचं. कुणाला सांगू?

रविवार, २० नोव्हेंबर

हडर्सफील्ड. अजून राग गेलेला नाही.

कार्लाइलची रंगीत तालीम म्हणून आज आम्ही मांडणी घेऊन गेलो होतो. गर्दी बरी. जंक्शनवर विल्फ मुख्य लाइन चालवत होता, मी डावीकडून येणारी फाट्याची. माझं काळं इंजिन, दोन हिवाळे बसून पितळेतून घडवलेलं, कोळशाची गाडी घेऊन आलं. मी रीतसर घंटी दिली. त्याने घंटीने होकार दिला. रुळांचा सांधा माझ्या बाजूने लागला. आणि माझी गाडी अर्ध्यावर असताना विल्फने आपली एक्स्प्रेस सोडली. पूर्ण वेगात.

एक्स्प्रेस माझ्या इंजिनाच्या बगलेत घुसली. माझं इंजिन टेबलाच्या कडेवरून फरशीवर पडलं. तो आवाज! एक लहान मुलगी रडायला लागली.

"दिसलं नाही तुला?" मी म्हणालो. चारचौघांत. रीत मोडून.

"तू हाक दिली नाहीस," तो म्हणाला.

"मी घंटी दिली! तू होकार दिलास! तुझ्या नाकासमोर होती गाडी!"

"नाकासमोर नव्हती," तो इतकंच म्हणाला, अगदी हळू. "बाजूला होती."

ही काय सबब झाली? नाक आणि बाजू यांत वीतभराचं अंतर! माफी नाही, वाईट वाटल्याचा एक शब्द नाही. इंजिनाची चौकट वाकली आहे, चिमणी सापडलीच नाही. परतताना मी व्हॅनमध्ये बसलो नाही. म्युरिएल आणि ट्रेव्हरबरोबर बसने आलो. व्हॅन एकटीच गेली, भर दुपारी, इतकी हळू की मागे गाड्यांची रांग लागलेली बसमधून दिसत होती. जाऊ दे, म्हटलं.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

क्लबात विल्फ आणि मी एकमेकांशी बोलत नाही. त्याने माझ्या इंजिनासाठी नवी चिमणी घडवून माझ्या जागेवर ठेवली होती. सुबक आहे, मान्य करायलाच हवं. मी ती तशीच ठेवली.

कार्लाइलला व्हॅनने जाणार नाही असं मी सांगून टाकलं. सेटल गावावरून जाणाऱ्या लाइनने, आगगाडीने जाईन, डोंगरातले पूल तरी बघायला मिळतील. ट्रेव्हर माझ्याबरोबर येतो म्हणाला. मग रिकाम्या सीटवर म्युरिएल बसणार. तिला आपले डोंगर आणि झाडं वाटेत सांभाळायची आहेत.

निघताना तिने मला जिन्यात गाठलं.

"लेनर्ड, राग बाजूला ठेव आणि खरं सांग. इतके दिवस तू शेजारी बसलास. तो नीट चालवतो ना? डोंगरावरचा रस्ता आहे, दिवस लहान. मला भीती वाटते."

मनात आलं, सांगावं: सायकलवाली बाई, खांब, हाका. जिभेवर आलं होतं. पण सांगायचं काय? की आम्ही दोन म्हातारे आगगाडी-आगगाडी खेळतो? आणि मी इतका चिडलेला असताना बोललो असतो तर ती सरळ चहाडी झाली असती. शिवाय व्हॅन नाही तर कार्लाइल नाही. दुसऱ्याची चूक चारचौघांत काढायची नाही ही रीत मी एकदा मोडली, ती पुन्हा मोडणार नाही.

"घड्याळासारखा चालवतो," मी म्हणालो. "तू आपली ऊब धरून झोप खुशाल."

"बरं झालं बाई विचारलं," म्युरिएल म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. शत्रूलाही मी न्याय देतो, असं वाटून मला बरं वाटलं.

गुरुवार, ८ डिसेंबर

व्हॅन भरून झाली. मी मदतीला गेलो, बोललो मात्र नाही. विल्फ खोके उचलताना दाराच्या चौकटीवर दोनदा आदळला. शेवटी माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "उद्या येतोस का, लेन? तुझी जागा आहे." त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. जवळजवळ विनवणीच.

"तिकीट काढलंय," मी म्हणालो.

"मग मीही... नाही. म्युरिएल तयार होऊन बसली आहे." तो व्हॅनच्या दारावरून हात फिरवत राहिला. "कार्लाइल एकदा होऊ दे. मग बघू."

आता खरं तर राग उरलेला नाही. नवी चिमणी मी घरी आणून बसवून बघितली, केसभरही कमी-जास्त नाही. पण लगेच मऊ पडलो तर त्याला वाटेल झालं ते काहीच नाही. परतीला बसेन त्याच्या शेजारी. उद्या धुकं आहे म्हणे.

शुक्रवार, ९ डिसेंबर. कार्लाइल, प्रदर्शनाचा हॉल

चहाच्या टेबलावर बसून लिहितो आहे, कारण करायला दुसरं काही नाही. व्हॅन अजून आलेली नाही.

प्रवास छान झाला. पुलांवरून खाली नुसतं धुकं, डोंगरांचे माथे तेवढे वर. डबा हलला की ट्रेव्हर सीटची कड धरत होता. हॉल केवढा मोठा! बाकी सगळ्यांच्या मांडण्या उभ्या राहिल्या, दिवे लागले, गाड्या फिरायला लागल्या. मधे आमची जागा तेवढी रिकामी. 'थॉर्नक्लफ जंक्शन' अशी पाटी आणि खाली उघडी फरशी. येणारेजाणारे विचारतात, आणि मी "येतीलच" म्हणतो. खरं सांगायचं तर मी संतापलो होतो. अशा दिवशी उशीर! विल्फने वाटेत कुठेतरी चहा ढोसत बसायचं ठरवलं असणार.

संयोजक बाई मिसेस टेलफर्ड मघाशी येऊन सांगून गेल्या की डोंगरावरचा रस्ता पोलिसांनी बंद केला आहे, एका फाट्यावर काहीतरी झालं आहे. मी ट्रेव्हरला म्हणालो, "बघ, अडकलेत बिचारे मागे. उगाच शिव्या घालत होतो."

ट्रेव्हरने कप खाली ठेवला.

"लेनर्ड, तुम्हाला एक विचारू? विल्फच्या डोळ्यांचं आता बरं आहे ना?"

"कसलं डोळ्यांचं?"

"उन्हाळ्यात मी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा ते तिथे होते. नर्स त्यांना सांगत होती, बाजूचं दिसणं गेलंय, ते परत यायचं नाही, गाडीची किल्ली आता कुणाला तरी देऊन टाका. मला बघितलं तसे हसले. कुणाला सांगू नकोस म्हणाले. मी नाही सांगितलं." तो माझ्याकडे बघत होता. "मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल. तुम्ही शेजारी बसता. तुम्ही असताना काळजी नाही, असंच वाटायचं मला."

मी वही पुन्हा पुढे ओढली आणि लिहायला लागलो. लिहिलं की मला नीट समजतं, निदान आजवर तसं वाटत होतं.

डाव्या वळणावर ड्रायव्हरला काही दिसत नाही, तेव्हा फायरमनने हाक द्यायची. डोंगरावरचा तो रस्ता सगळा वळणांचाच आहे.

मिसेस टेलफर्ड कचेरीच्या दारात उभ्या आहेत. फोन त्यांच्या हातात आहे आणि त्या हॉलभर कुणाला तरी शोधताहेत. ट्रेव्हर उठून उभा राहिला आहे. मला उठवत नाही.

म्युरिएलला हाक द्यायची असते हे माहीत नाही. मी तिला झोप म्हणालो होतो.